खंजिरीचे धनी : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज

ज्या नदीनें आमच्या जिल्ह्यास आपलें नांव दिलें, ती वर्धा नदी पुष्कळ वर्षें दोन मुलुखांमधील सीमा होती. तिच्या पूर्वेस आमचा वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रांतांत मोडत असे, आणि पश्चिमेस अमरावती जिल्हा वऱ्हाडांत मोडत असे. परंतु सरकारी नकाशावरील रेघ गाण्यास अडवूं शकत नाहीं. पश्चिम तीरावर म्हटलेलें भजन पूर्व तीरावरील शेतकरी कांहीं दिवसांनीं मोट हांकतांना किंवा बैलगाडींत बसून म्हणूं लागतो, आणि तें कोणीं रचलें हें विचारण्याचेंही त्यास भान राहत नाहीं. अशा रीतीनें ज्यांचीं गाणीं आमच्या जिल्ह्याच्या खेडोपाडीं पसरलीं, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावें, असा आमचा हेतु आहे. त्यांस कोणी संत म्हणून पूजितात, कोणी देशभक्त म्हणून वंदितात. आम्ही येथें त्यांजकडे मुख्यतः गायक व पदरचनाकार या दृष्टीनें पाहणार आहों. कारण त्यांचें संतपण काय किंवा त्यांची देशभक्ति काय, लोकांपर्यंत पोहोंचली ती गाण्याच्याच वाटेनें.

महाराजांचें मूळचें नांव माणिक बंडोजी इंगळे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील यावली या गांवीं एका गरीब कुटुंबांत झाला. वडिलांचें नांव बंडोजी व आईचें मंजुळाबाई. घराणें ब्रह्मभटांचें. भाट म्हणजे राजेरजवाड्यांचें यशोगान करून उपजीविका करणारे लोक. परंतु माणिकच्या जन्मकाळीं तो राजाश्रय कोठेंच उरला नव्हता; घराण्याची विद्या कंठांत होती, पण तिच्या बळावर चूल पेटत नव्हती. पूर्वजांनीं राजांची स्तुति गाइली, आणि त्याच कुळांत जन्मलेल्या या मुलानें पुढें आयुष्यभर शेतकऱ्याचें, मजुराचें व त्याच्या गांवाचें गाणें गाइलें, हा फेर ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

माणिकच्या बालपणाचा बराच भाग वर्धा नदीच्या कांठीं वरखेड येथें गेला. तेथें आडकोजी महाराज या नांवाचे एक सत्पुरुष राहत असत. मुलाचा ओढा शाळेपेक्षां त्यांच्याकडे अधिक होता. शाळेचें शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढें गेलें नाहीं. भजन म्हणावें, कोणीं दिलेला भाकरीचा तुकडा खावा, आणि गुरूंच्या पायांशीं बसावें, असा त्याचा क्रम असे. यावरूनच आडकोजी महाराजांनीं त्यास तुकड्या म्हणण्यास आरंभ केला, असें परंपरा सांगते. दुसरा कोणी असता तर मोठेपणीं या नांवाची त्यास लाज वाटली असती. महाराजांनीं मात्र तें नांव मुकुटासारखें धारण केलें, आणि पुढें आपल्या प्रत्येक पदाच्या अखेरीस तुकड्यादास हीच मुद्रा घातली.

गुरूंच्या मागें या तरुणानें घर सोडलें. सालबर्डी, रामटेक व चिमूरकडील रामदिघी येथील रानांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. त्या काळाविषयीं चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. रानावनांत व वाटेवरच्या खेड्यांत हिंडतांना या गायकाच्या कानांवर नाना तऱ्हेचीं गाणीं पडत गेलीं. वारकऱ्याचा अभंग, जात्यावरची ओवी, शाहिराचा पोवाडा, उत्तरेकडून आलेले कबिराचे दोहे, फकिराची कवाली, या सर्वांचा आमच्या विदर्भांत फार पूर्वींपासून शेजार आहे. शिवाय नागपूर ही ज्या प्रांताची राजधानी होती, त्याचा अर्धा भाग मराठी बोलणारा व अर्धा हिंदी बोलणारा होता. त्यामुळें इकडील अडाणी माणसासही दोन्ही भाषांची ओळख असे. एका भाषेंत किंवा एका पठडींत गाणाऱ्यास येथील लोकांपैकीं कांहींच ऐकणार, हें महाराजांनीं लवकरच ओळखलें असावें.

म्हणून त्यांनीं सगळ्यांतून घेतलें. त्यांच्या रचनेंत मराठी अभंग आहेत, ओव्या आहेत, हिंदी भजनें आहेत, गझलेच्या वळणाचीं पदें आहेत, आरत्या आहेत आणि वीरश्रीचीं राष्ट्रगीतेंही आहेत. अभंगाच्या चौकटींत ते स्वच्छतेचा विषय आणीत. भजनाच्या चालींत पोवाड्याचा आवेश भरीत. आणि देवाची आळवणी करतां करतां ऐकणाऱ्यास त्याच्या गांवांतील भांडणाची व सावकारी पाशाची आठवण करून देत. त्यांच्या हातीं वाद्य असे तें खंजिरी. एका लहानशा लांकडी कड्यावर कातडें ताणलेलें, आणि कडेला झांजा बसविलेल्या. तंबोऱ्यास जुळवणी लागते, पेटीस ओझें वाहणारा लागतो. खंजिरी एका हातांत मावते व चालतां चालतांही वाजते. पायीं हिंडणाऱ्या गायकास याहून सोयीचें वाद्य सांपडणें कठीण. या साध्या वाद्यांतून महाराज असा ठेका काढीत कीं, त्यांचें नांव घेतांच आजही विदर्भांतील माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम खंजिरी उभी राहते.

संगीतशास्त्राच्या कसोटीवर या गाण्यास कोणी उणें लेखील. ज्या काळांत पलुसकर व भातखंडे यांसारखे थोर पुरुष रागसंगीतास शिस्त लावून तें सुशिक्षितांच्या शाळांत आणीत होते, त्याच काळाच्या अखेरीस ही खंजिरी खेड्यांतून वाजूं लागली. दोन्ही कामें आपापल्या जागीं आवश्यक होतीं. मैफलीस बसलेल्या रसिकापुढें रागाची शुद्धता हवी. दिवसभर नांगरामागें चालून थकलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसापुढें शब्द कानांत शिरतांच समजला पाहिजे व चाल एकदां ऐकून म्हणतां आली पाहिजे. महाराजांची रचना या दुसऱ्या कसोटीस पूर्ण उतरते.

अशा प्रकारचा गायक ही केवळ आमच्याच देशांतील गोष्ट नव्हे. महाराजांच्याच पिढींत, १९१२ सालीं, अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत वुडी गथ्री नांवाचा एक गायक जन्मला. दुष्काळानें व धुळीच्या वादळांनीं देशोधडीस लागलेल्या शेतकऱ्यांमध्यें तो गिटार घेऊन हिंडला, आणि लोकांच्या ओळखीच्या जुन्या चालींवर नवीन शब्द बसवून त्यांचीं दुःखें गात राहिला. तो १९६७ सालीं वारला, महाराज त्यानंतर एका वर्षानें. दोघांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें असण्याचा संभव नाहीं. परंतु जुन्या चालीस नवा आशय दिला म्हणजे गरीब माणूस तें गाणें आपलेंच समजून उचलतो, हें मर्म दोघांसही सांपडलें होतें. भेद इतकाच कीं, आमच्या गायकानें गाण्याच्या पाठोपाठ एक मोठी संस्थाही उभी केली. त्याकडे आतां वळूं.

इ. स. १९३५ हें वर्ष महाराजांच्या चरित्रांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं सालबर्डी येथें त्यांनीं एक महायज्ञ केला, व त्यास लाखांवर लोक जमले. सालबर्डी हें डोंगरांतील शिवाचें स्थान; तेथें इतका समुदाय लोटला, त्याचें कारण यज्ञाइकेंच त्या तरुण गायकाचें भजन होतें. त्याच वर्षीं नागपूर–अमरावती रस्त्यावर मोझरी या गांवानजीक त्यांनीं गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. हें ठिकाण आमच्या आर्वी तालुक्याच्या समोर, नदीच्या पलीकडे आहे. लोक जमविण्याची शक्ति आपणांत आहे हें सालबर्डीस सिद्ध झालें होतें. जमलेल्या लोकांकडून काय करवून घ्यावयाचें, हा प्रश्न मोझरीस पुढें आला.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्याच्या कामीं आमच्या जिल्ह्याचा मोठा वाटा आहे, हें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजीं वर्ध्यानजीकच्या शेगांव या लहानशा खेड्यांत राहावयास आले. योगायोग असा कीं, तो महाराजांचा सत्ताविसावा जन्मदिवस होता. या शेगांवासच पुढें १९४० सालीं सेवाग्राम हें नांव मिळालें. त्याच १९३६ सालीं गांधीजींच्या निमंत्रणावरून महाराज तेथें आले व सुमारें एक महिना राहिले. आश्रमाच्या प्रार्थनेंत त्यांचीं भजनें होऊं लागलीं. मौनाच्या दिवशीं त्यांचें पद ऐकून गांधीजी इतके तल्लीन झाले कीं, मौन विसरून त्यांनीं तें पुन्हां म्हणावयास सांगितलें, अशी आठवण आमच्याकडे सांगण्यांत येते. तें पद राजवाड्याच्या वैभवापेक्षां झोपडींतील समाधान श्रेष्ठ ठरविणारें होतें, असेंही सांगतात.

या आठवणीपेक्षां त्या महिन्याभराच्या सहवासाचें मोल अधिक आहे. त्या वेळीं वर्ध्याच्या मगनवाडींत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचें काम चाललें होतें. हातसडीचे तांदूळ, घाणीचें तेल, हातकागद, सूतकताई, मैलासफाई हे तेथील रोजचे विषय. आजवर गाण्यांत न आलेल्या या गोष्टी पुढें महाराजांच्या पदांतून व ओव्यांतून खेडोपाडीं गेल्या. मगनवाडींतील पुस्तिका वाचूं शकणारे लोक थोडे होते. भजन ऐकूं शकणारा तर प्रत्येकच होता.

यानंतर १९४२ साल उजाडलें. त्या वर्षाचें वर्णन करतांना वर्धा जिल्ह्यांतील माणसाची लेखणी जड होते. चलेजाव चळवळीची हांक ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांत देशभर पोहोंचली. ता. १६ ऑगस्ट रोजीं आमच्या जिल्ह्यांतील आष्टी येथें व चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें लोक मोठ्या संख्येनें बाहेर पडले. आष्टीस पोलीस ठाण्यावर झेंडा लावण्यासाठीं गेलेल्या समुदायावर गोळीबार झाला. लोक मेले, चवताळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मेले. चिमुरासही तसाच रक्तपात झाला, व त्यानंतर तेथें लष्कर व पोलीस यांनीं जो कहर केला, त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे आचार्य भणसाळी यांनीं त्रेसष्ट दिवस उपवास केला. आष्टी व चिमूर या दोन्ही ठिकाणांच्या आरोपींस फांशीच्या शिक्षा झाल्या होत्या; कित्येकांच्या शिक्षा लोकांच्या दीर्घ खटपटीनंतर कमी झाल्या.

हा सर्व टापू महाराजांच्या भजनांचा होता. त्यांचीं देशभक्तीचीं पदें आष्टीपासून चिमुरापर्यंत लोकांच्या तोंडीं होतीं. सरकारनें तीं पदें चिथावणीखोर ठरविलीं, आणि २८ ऑगस्ट १९४२ रोजीं महाराजांस चांदा येथें अटक केली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांस सुमारें शंभर दिवस ठेवण्यांत आलें. डिसेंबरच्या आरंभीं ते सुटले.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. परकी सरकारनें एका खंजिरीस भ्यावें, ही त्या गायकाच्या सामर्थ्याची साक्ष आहे. परंतु त्याबरोबरच एक अवघड प्रश्नही उत्पन्न होतो. गाण्यानें माणसें घराबाहेर पडतात. छातीवर गोळ्या झेलतात. कांहीं परत येतच नाहींत. त्यांच्या विधवांचें, पोरक्या मुलांचें व उद्ध्वस्त गांवाचें देणें गाण्यास लागतें कीं नाहीं? गाणारा दुसऱ्या गांवीं निघून गेला म्हणजे त्याची जबाबदारी संपली काय? पुष्कळ कवि व शाहीर या प्रश्नापाशीं थांबत नाहींत. तुकडोजी महाराज थांबले, आणि आमच्या मतें त्यांचें मोठेपण येथेंच आहे.

तुरुंगांतून सुटल्यावर त्यांनीं खंजिरी खालीं ठेवली नाहीं. तिच्या जोडीस खराटा दिला. १९४३ पासून श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या कामास पद्धतशीर रूप येत गेलें, व श्रीगुरुदेव हें मासिकही सुरूं झालें. गांवोगांवीं या मंडळाच्या शाखा निघाल्या. शाखेचा क्रम ठरलेला असे : पहाटे उठून सामुदायिक ध्यान, मग गांवाची सफाई, आणि संध्याकाळीं सामुदायिक प्रार्थना. या प्रार्थनेस कोणत्याही एका पंथाची मक्तेदारी नव्हती. सर्व जातींच्या व सर्व धर्मांच्या लोकांनीं एका ओळींत बसावें, असा तिचा दंडक होता. ज्या गांवांत विहिरीवर व देवळांत शिवाशीव पाळली जात असे, तेथें रोज संध्याकाळीं असें एका रांगेंत बसणें ही लहान गोष्ट नव्हे. व्यसनमुक्ति, साक्षरता, व्यायाम, गोपालन, भांडणांचा गांवांतच निवाडा, हीं कामेंही मंडळानें अंगावर घेतलीं. महाराज गांवीं येत, रात्रीं भजन होई, आणि सकाळीं तेच लोक रस्ता झाडतांना किंवा बांध घालतांना दिसत. भजन कितपत रंगलें याचा हिशेब अशा रीतीनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं होत असे.

या साऱ्या अनुभवाचें फळ म्हणजे १९५५ सालीं पूर्ण झालेला ग्रामगीता हा त्यांचा ग्रंथ. यांत एकेचाळीस अध्याय आहेत, आणि तो सर्व ओवीबद्ध आहे. ज्ञानेश्वरांपासून जी ओवी अध्यात्मासाठीं योजिली गेली व घरोघरच्या बायांनीं जात्यावर जी जतन केली, तीच महाराजांनीं गांवाच्या संसारासाठीं उपयोगांत आणिली. ग्रामशुद्धि, ग्रामआरोग्य, ग्रामशिक्षण, स्त्रियांची उन्नति, विवाहांतील उधळपट्टी, गरीब-श्रीमंतांचे संबंध, असे विषय तींत येतात. पोथी म्हणून लोक ती भक्तीनें वाचतात, आणि वाचतां वाचतां सांडपाण्याची व्यवस्था कशी करावी हेंही शिकतात. नाना पठडींचें मिश्रण करण्याची जी हातोटी तरुणपणीं त्यांच्या पदांत दिसली, तिचा हा परिपक्व आविष्कार होय. धार्मिक ग्रंथ, शेतकऱ्याचें मार्गदर्शक पुस्तक व काव्य या तिहींमधील भिंत त्यांनीं काढून टाकली.

ज्या वर्षीं हा ग्रंथ पुरा झाला, त्याच वर्षीं महाराज जपानांत भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांति परिषदेस गेले. तेथेंही त्यांनीं आपली खंजिरी वाजविली. अणुबाँबनें होरपळलेल्या त्या देशांत वऱ्हाडी गायकाच्या भजनाचे शब्द थोड्यांसच कळले असतील. परंतु ताल समजण्यास दुभाषी लागत नाहीं. पुढल्या वर्षीं, १९५६ सालीं, भारत साधुसमाजाची स्थापना झाली व त्याचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. साधूंनीं केवळ भिक्षेवर न राहतां समाजाचें कांहीं काम करावें, हा त्यांचा आग्रह असे. आमच्या पवनारचे विनोबाजी भावे यांच्या भूदानकार्यासही त्यांनीं आपल्या वाणीचें साहाय्य दिलें. राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं त्यांचा राष्ट्रसंत म्हणून गौरव केला, तेंच बिरुद पुढें त्यांच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें. १९६२ व १९६५ च्या युद्धप्रसंगीं ते सीमेवरील सैनिकांस धीर देण्यास गेले. तेव्हां त्यांचें वय पन्नाशीच्या पुढें होतें, तरी प्रवासाचा क्रम तरुणपणींचाच होता.

अखेरच्या दिवसांत कर्करोगानें त्यांचें शरीर पोखरलें. ११ ऑक्टोबर १९६८ रोजीं मोझरीच्या गुरुकुंज आश्रमांत त्यांनीं देह ठेविला. त्यांस तेव्हां साठावें वर्ष चालूं होतें. आश्रमासमोरच त्यांची समाधि आहे. दरवर्षीं पुण्यतिथीच्या सप्ताहांत तेथें विदर्भांतून पायीं दिंड्या येतात, खंजिऱ्या घुमतात, आणि एका ठरलेल्या क्षणीं हजारों लोक स्तब्ध उभे राहून मौन श्रद्धांजलि वाहतात. ज्यानें जन्मभर लोकांस गावयास लाविलें, त्यासाठीं लोकांनीं निःशब्द उभें राहावें, हें दृश्य मोठें अर्थपूर्ण आहे.

२००५ सालीं नागपूर विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असें नांव देण्यांत आलें. आमच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें याच विद्यापीठाशीं जोडलेलीं आहेत. तेव्हां आमच्यापैकीं जे विद्यार्थी येथून पुढें पदवीपर्यंत जातील, त्यांच्या पदवीपत्रावर प्राथमिक शाळेच्या पुढें न गेलेल्या या गायकाचें नांव छापलेलें असेल. यावरून शाळा सोडावी असा बोध कोणीं घेऊं नये; स्वतः महाराजांनीं खेड्यांत शिक्षण यावें म्हणून जन्मभर आटापिटा केला. घ्यावयाचा बोध निराळा आहे. जें ज्ञान त्यांस शाळेंत मिळालें नाहीं, तें त्यांनीं लोकांत हिंडून मिळविलें, आणि मिळालेलें सर्व लोकांसच परत दिलें.

आमच्या वार्षिक संमेलनांत दरवर्षीं देशभक्तीचीं गीतें होतात. मंडप टाळ्यांनीं दुमदुमतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच मंडपाखालीं कागदाचे कपटे व खाल्लेल्या शेंगांचीं टरफलें पडलेलीं असतात; तीं गोळा करण्याचें काम शिपायाकडे जातें. तुकडोजी महाराजांच्या चरित्राचें स्मरण ठेवावयाचें असेल, तर गीत म्हणणाऱ्यांनींच दुसऱ्या दिवशीं सकाळीं खराटे घेऊन मैदानावर यावें, अशी आमची सूचना आहे. गाणारे यावेत, आणि टाळ्या वाजविणारेही यावेत.